अण्णांच्या फळ्यांची पेटी

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्षात नवं काही हाती घेऊ नये. घेतलं! पॉलिश पेपर, रंगाला स्टेनची छोटी डबी, चमक यायला चपडा म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटची बाटली. दुकानदार म्हणाला, ताई, पॉलिशवाल्याला पाठवा, त्याला बरोबर कळतं. म्हटलं, पॉलिशवाली मीच.

फळ्या गणपतीआधीच माहेरून, कोपरीहून आणल्यात. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा सुतारकामाचा गाळा आता देवराम बघतो, माझा धाकटा भाऊ. म्हणाला, अक्का, आठवण म्हणून काय हवं ते घेऊन जा. त्याला वाटलं, चष्मा नेईन. मी सागवानी फळ्या उचलल्या. वखारीतल्या माणसाने मापात कापून दिल्या, गोंद-खिळे माझे. पेटी जरा तिरकी झालीय. असू दे.

फळ्या रिक्षात ठेवता ठेवताच त्याने हक्कसोडपत्राचं काढलं. गाळ्यावरचा हक्क सोडला म्हणून मी सही करायची. बहिणी करतातच, म्हणाला. मी रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

बुधवार, १० सप्टेंबर

घोटाळा केला. नव्या वस्तूला आपण काय करतो? झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नमस्कार केला, मगच घासायला बसले. कोरं लाकूड ते, कुंकू पिऊन बसलं. घासून घासून बोटं सोलली, लाली जात नाही. त्यात पेपर आडवा चालवला, लाकडाची रेघ सोडून. वर स्टेन लावला तर सगळे ओरखडे उठून दिसायला लागले. मांजराने नखं मारल्यासारखे.

चार पिढ्या लाकूडकाम आमच्या घरात, आणि मला एवढं माहीत नाही! माहीत असणार कुठून? बारा वर्षांची झाले तेव्हा अण्णांनी गाळ्याच्या उंबऱ्यावरच थांबवलं. मुलींनी हत्याराला हात लावायचा नाही. चहा आत जायचा, मी बाहेर.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सगळं खरवडून काढलं. आता पेपर उभा, रेघेच्या अंगाने. लाली राहिली तर राहिली.

शनिवार, १३ सप्टेंबर

चपडा स्पिरिटमध्ये विरघळला. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात कापूस बांधून पुरचुंडी केली. हे म्हणाले, डोंबिवलीत एक गुत्ता कमी होता का? लेकीने, रुचिताने नाक धरून खिडक्या उघडल्या. बाहेर झिमझिम, हवा ओली. पहिला हात दिला आणि दुधावर साय धरावी तसं पांढरं धरलं.

रुचिता म्हणाली की असल्या पेट्या ऑनलाइन मिळतात, दोन दिवसांत घरी. मी म्हटलं, आजोबांच्या फळ्यांच्या देतात का?

रविवार, १४ सप्टेंबर — अष्टमी

अण्णांची तिथी. कोपरीला गेलो.

गच्चीवर घास ठेवला. कावळा कठड्यावर येऊन बसला, पण शिवेना. पाऊण तास झाला. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. देवरामची बायको दर्शना हळूच म्हणाली, अण्णांच्या मनात काहीतरी राहिलं असणार. मग देवराम सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, सांग त्यांना. सही करते म्हणून."

हात जोडले. म्हटलं, "करते, अण्णा."

कावळा आला. वडा उचलून गेला.

सगळे जेवले. मी खिरीची वाटी तशीच ठेवली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पेटीकडे बघितलं नाही. जप दोनदा चुकला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ऊन पडलं. सकाळी खिडकीत शिळी पोळी ठेवली. कावळा आला, खाऊन गेला. त्याला काय कबूल केलं होतं मी? भूक लागली होती त्याला, दुसरं काय. रविवारीही लागलीच असेल — गच्चीवर एवढी माणसं बघून बिचकला असेल.

असं लिहिलं खरं. देवा, क्षमा कर. पण खोडणार नाही.

पेटी काढली. पांढरं घासून टाकलं. उन्हात पातळ हात दिला, वाळू दिला, मग दुसरा. घाई करायची नाही, एवढं कळलं.

रविवार, २१ सप्टेंबर — सर्वपित्री

सातवा हात. झाकणात खिडकीचे गज दिसायला लागले!

दर्शनाचा फोन आला. नोंदणी कार्यालयात शुक्रवारची वेळ घेतलीय. मी म्हटलं, अजून विचार करतेय. तर म्हणाली, अण्णांना शब्द दिलात, आता कसला विचार? आणि माहेर हवंय की गाळा, ते तुमचं तुम्ही ठरवा. साडीही आणून ठेवलीय म्हणे माझ्यासाठी, मोरपिशी.

ह्यांचंही तेच — कर सही, संबंध कशाला तोडतेस? दिवाळीला कोपरीचं दार बंद झालं तर? देवरामला मी कडेवर वाढवलंय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

पेटी पिशवीतून नेली होती. कागदाची माझी प्रत ठेवायला, असं ह्यांना सांगितलं. खरं तर देवरामला दाखवायला. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर त्याने ती हातात घेतली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, उजेडात तिरकी धरली.

"कुठल्या सुताराकडून करून घेतलीस?"

"सुताराच्या मुलीकडून."

हसला. म्हणाला, खरं सांग अक्का, हे शिकल्या हाताचं पॉलिश आहे. तीनदा सांगितलं मी. शेवटी म्हणाला, बरं बाई, तूच केलीस. लहान पोराची समजूत घालतात तसं!

मग वकिलांनी कागद पुढे सरकवला. सही इथे, इथे आणि इथे. मी वाचायला लागले. देवराम म्हणाला, वाचतेस काय, घरचाच कागद आहे. मॅट्रिक झालेय मी, वाचणारच. दुसऱ्या पानावर होतं — 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता'.

मी म्हटलं, "एवढं खोडा. मग करते सही."

वकील म्हणाले, बाई, ते खोडलं तर कागदाला अर्थच राहत नाही.

"मग राहू दे."

देवरामचा चेहरा उतरला. "अण्णांना शब्द दिलायस तू."

"सहीचा दिलाय. खोटं लिहायचा नाही दिला."

उठले. पेटी पिशवीत घातली. दर्शना साडीची पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत बसली होती.

आजवर गाळ्यात हिस्सा नको होता मला. आता हवा.

शनिवार, २७ सप्टेंबर

कोपरीहून फोन नाही. हे बोलत नाहीत. देवीची आरती एकटीने म्हटली, मोठ्याने.

रविवार, २८ सप्टेंबर

दुपारी दर्शनाचा फोन. घेऊ की नको केलं, मग घेतला. मोरीत जाऊन बोलत होती, मागे नळ सोडलेला. म्हणाली, "अक्का, ह्यांना कळू देऊ नका. माझ्या भावानेही तसलाच कागद पाठवलाय. तुम्ही वकिलाला नेमकं काय म्हणालात ते सांगा."

सावकाश सांगितलं. ती लिहून घेत होती.