कडक फोर्कच्या बाजूने, आणि तरीही

प्रिय शालकमहाशय यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र पावले. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून समाधान वाटले. मात्र ज्या उडीने तो दुखावला तिला 'किरकोळ' म्हणू नये, असे माझे नम्र मत आहे. माझी प्रकृती ठीक. स्वयंपाक जमू लागला आहे (म्हणजे मी तो खातो).

तुम्ही रविवारी येऊन ताईच्या ट्रायल्स सायकलचा सस्पेन्शनचा, हवेवर दबणारा फोर्क (माझ्या भाषेत पुढचे चाक धरणारा चिमटा) काढणार, तेथे कडक फोर्क बसवणार आणि सायकल तुमच्या विद्यार्थिनीकडे नेणार, असे ठरले आहे. त्यास मी संमती दिली होती. कडक फोर्कच्या बाजूचे तुमचे सर्व मुद्दे मला आजही मान्य आहेत. ज्या सायकलवर बसायचेच नसते (तिला सीट नाही, हे मला लग्नानंतर बऱ्याच काळाने ध्यानात आले), जिच्यावर उभे राहून पाय न टेकता दगडांवरून आणि ओंडक्यांवरून उड्या घ्यायच्या असतात, तिचा पुढचा भाग दबू लागला की उडीतला जोर वाया जातो, हे निर्विवाद आहे. तुमच्या ताईचे म्हणणे इतकेच होते, की मनगटे तिची आहेत. जेवणाच्या टेबलावर तुम्हा भावंडांचा हा वाद पेटला की मी पाण्याचा जग उचलून मांडीवर घेत असे.

अखेर तिने तुमचे न ऐकता सस्पेन्शन बसवले आणि त्यातली हवा स्वतःच्या वजनाला जुळवून घेतली. नंतर आजाराने तिला दगडांपर्यंत जाऊ दिले नाही. तरी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो, की ती पॅसेजमध्ये ब्रेक दाबून सायकलवर नुसती तोल सांभाळत उभी राही. परतल्यावर मी फोर्कच्या नळीवरचे ते रबरी कडे पाहत असे. फोर्क जितका दबेल तितके ते वर सरकते आणि तिथेच राहते, हे तुम्हीच मला शिकवले होते. कडे वर दिसले, की आज तिला बरे आहे असे मी समजत असे व ते पुन्हा खाली सरकवून ठेवत असे.

ती गेली तरी ही सवय मी मोडलेली नाही. आणि कडे अजूनही वर सरकते.

घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांतला मी नव्हे. प्रथम मांजराचा संशय घेतला (आपल्याकडे मांजर नाही, म्हणून तो सोडला). मग, आपणच विसरभोळेपणाने सायकलवर चढत असू, या शंकेने मी रीतसर चढून पाहिले. कडे पार टोकाला गेले आणि मी हँडलवरून चपलांच्या कपाटात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी धावत वर आल्या.

"भाऊजी, काय पाडलंत?"

"स्वतःला," मी म्हणालो.

"मग रोज सकाळी काय करता? तेव्हा तर नुसतं टक् टक् वाजतं, चाक उचलून टेकवल्यासारखं. म्हटलं, चला, छान शिकताहेत."

सकाळी मी दुधाच्या रांगेत असतो, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी माझ्या कोपराला लावायला मलम आणून दिले.

सारांश, कडक फोर्क सर्वार्थाने श्रेष्ठ आहे. त्यावर कुणीही उभे राहिले तरी तो काहीच दाखवत नाही. माझा त्याला तेवढाच आक्षेप आहे.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपावे.

तुमचा,
ताईचा यजमान

ता. क. — हवा गळत असेल, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच धरून चाललो होतो. परंतु हवा गळाली तर फोर्क मऊ होऊन कडे दिवसेंदिवस अधिक वर जायला हवे. ते दिवसेंदिवस कमी वर जात आहे. सुरुवातीला तिच्या नेहमीच्या जागी, दोन बोटे वर असे. मग एक बोट. आज जेमतेम नखाएवढे होते. ती हलकी होत चालली आहे.

पुन्हा ता. क. — तेव्हा कडक फोर्क आणू नये. विद्यार्थिनीची माझ्या वतीने क्षमा मागावी. येताना फोर्कची हवा मोजण्याचा तो छोटा पंप मात्र आणा, आणि हवा किती कमी करता येते ते मला दाखवा. इतकी, की कुणी नुसता हात टेकवला तरी कडे हलावे. रविवारपर्यंत थांबू नका. जमल्यास हे पत्र मिळताच दुसऱ्या सकाळी या, मी दूध आणायला निघण्याच्या आत.