सौ.चा उखाण्यांचा विक्रम

४ जाने.
सौ.च्या डोक्यात नवं खूळ. सलग उखाणे घेण्याचा राष्ट्रीय विक्रम! महिला मंडळानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. प्रत्येक उखाण्यात नवऱ्याचं नाव हवं, असा नियम. म्हणजे माझं. मला कुणी विचारलं? छे.

९ जाने.
सकाळपासून सुरू. "कुकरची झाली शिट्टी, गॅस केला बंद, श्रीधररावांना पेपराचा भारीच छंद." गॅस बंद कुठला, भात करपला. "अगं, वास येतोय," म्हटलं, तर हातानंच गप्प केलं. लय तुटते म्हणे.

१६ जाने.
डॉक्टरांकडे जाऊन आलो. मानेवरची गाठ काढून तपासायला पाठवणार. "घाबरू नका" म्हणाले. म्हणजे घाबरायचं. मंगळवारी या, सोबत घरचं माणूस आणा. घरी आलो तर हॉलभर मंडळाच्या बायका. मी आत जाऊन पडलो.

१८ जाने.
आज सांगायचंच, असं ठरवून चहाला बसलो. "ऐक ना जरा..."
"अहो, विक्रम होऊ दे, मग निवांत बोलू."
डोंबलाचं निवांत! दिवसभर माझ्या नावाचा जप, आणि मी समोर बसलोय त्याचा पत्ता नाही. भयंकर चिडलो. भीतीही वाटतेय, कुणाला सांगणार. दवाखान्यात फोन करून तारीख आठवडाभर पुढे ढकलली. गाढव मीच.

२५ जाने.
झाला एकदाचा. वारज्यातला हॉल, हार, शाल, परीक्षकांचं भाषण. देशाचं काय अडलं होतं देव जाणे. बायका मला म्हणतात, "भाग्यवान हो तुम्ही!" सौ.चा घसा पार बसलाय. आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही, डॉक्टरांची ताकीद.

२६ जाने.
मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन. कोल्हापूरच्या कुणी बाई विक्रम मोडायला बसल्यात. घ्या! सौ.नं ऐकलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.
मग मी सांगून टाकलं. गाठ, तपासणी, उद्याचं ऑपरेशन, सगळं. तिनं तोंड उघडलं, नुसती हवा आली. मोबाइलवर काहीतरी टाइप केलं, पुसलं, परत केलं. मला दाखवलंच नाही. माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

२७ जाने. दवाखाना
काउंटरवरच्या मुलीनं सौ.ला विचारलं, "पेशंटचं नाव?"
ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, डोळे भरले.
"मॅडम, नाव सांगता ना?"
मीच सांगितलं. आता आत बोलावतायत.