रतनची हरकत

प्रिय रतन,

पाकीट बघून तुला हसू येईल. खिशात फोन असताना पत्र लिहिणारा माणूस एक तर प्रेमात असतो, नाही तर संस्कृतचा मास्तर. माझ्या वयाला दुसरंच कारण शोभतं. खरं म्हणजे फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे, उचलू नयेसच.

आधी बातम्या. तुझ्या वहिनीचा गुडघा होता तसाच आहे. कुलदीपने कंपनी सोडली. आता पांढरा शर्ट घालून तो मळ्यात उभा राहतो आणि हवेत बोट दाखवून लोकांना 'हा तुमचा कॉर्नर प्लॉट' म्हणतो. बत्तीस प्लॉट, मधून नऊ मीटरचा रस्ता, त्याच्या पोटात ड्रेनेज, कडेने नळ आणि विजेचे खांब. नाव मात्र चिरंजीवांनी बापाकडून मागून घेतलं. मी 'अमृतकुंभ' दिलं. नळाला पाणी कधी येईल ते नगरपरिषदेलाही ठाऊक नाही, तोवर टँकर.

प्लॉटच्या नकाशावर नगरपरिषदेत सुनावणी झाली, त्या दिवशी काळेवाडीहून दोन बस बदलून तू आलीस, ते मी दारातच पाहिलं होतं. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. उठून तुला खुर्ची द्यायला हवी होती. मी फाइल चाळत बसलो, जणू तिच्यात काही नवीन लिहून येणार होतं. साहेबांनी तुझी हरकत मोठ्याने वाचली : 'मला वाटा नको. विहीर रस्त्याखाली घालू नका, बागेसाठी सोडायच्या जागेत राहू द्या.' अक्षर तुझ्या लेकीचं, पूनमचं; बोलणं तुझं.

मग आमचं उत्तर. ते मीच लिहिलं होतं. 'सदर हरकतदार या त्रयस्थ इसम असून त्यांचा उपरोक्त मिळकतीशी कोणताही संबंध नाही.' लिहून झाल्यावर त्या वाक्याचा तोल मला आवडला होता, हेही सांगून टाकतो. षष्ठी विभक्ती संबंध दाखवते असं एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. संबंध नाही हे लिहायला दहा मिनिटं पुरली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, "मास्तर, या तुमच्या सख्ख्या बहीण ना?" मागून आपले उद्धवराव खाकरले, "एकाच आईची हायती, सायेब. पंचनामा करायचा का?" सभागृह हसलं. मीही हसलो. तू पिशवीची घडी घालत होतीस.

अण्णा गेले तेव्हा मी बारावीत होतो, तू सातवीत. मळ्यात कुणीतरी एकानं थांबणं भाग होतं. "तू जा पुण्याला, दादा. मला न्हाई ते रामः रामौ जमत," म्हणालीस. चांगलं जमत होतं. मी बांधावर बसून रूपं पाठ करायचो आणि चुकलो की वाफ्यातून तू ओरडायचीस. पहाटे वीज आली की मोटार सुरू करून, अनवाणी, वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायचीस. माझी पदवी त्या विहिरीतून उपसलेली आहे. तुला ती का हवी होती हे त्या सभागृहात मला एकट्याला कळत होतं.

विहीर गेल्या गुरुवारी बुजवायला घेतली. अडीच दिवस लागले. भराव टाकतील तसं पाणी वर येत राहिलं. तुझी वहिनी नारळ-खण घेऊन काठावर उभी होती. म्हणाली, "हिरीतल्या आसरांची ओटी आपल्यात लेकच भरती. बोलवा रतनताईंना." मी म्हटलं, ती यायची नाही. "कशी यील? त्रयस्थ हाय ना ती," म्हणाली आणि ओटी न भरताच घरी गेली. तेव्हापासून माझ्याशी गरजेपुरतंच बोलते.

हे सगळं तुला कुणीही सांगितलं असतं. मी लिहितोय ते साहेबांच्या शेवटच्या प्रश्नासाठी. हक्कसोडपत्र पुढे धरून त्यांनी तुला विचारलं, ही सही समजून केली का? आई जाऊन महिना झाला होता तेव्हाचा तो कागद. सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव लावायचंय, असं सांगून मी तुला रिक्षाने कचेरीत नेलं. तू वाचायला घेतलास, तर 'मी वाचलाय' म्हणालो. तो तुझं नाव काढायचा होता. तुला ते कधी कळलं, मला माहीत नाही; तू कधी विचारलंच नाहीस. सुनावणीत तू एक शब्द बोलली असतीस तर सगळं तिथंच अडलं असतं आणि विहीर वाचली असती. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय सायेब, समजून केली. भावानं समजावून सांगितलं व्हतं." विहिरीपेक्षा तू मला वाचवलंस, आणि मी मान खाली घालून वाचलो. सोबतच्या कागदावर खरं काय घडलं ते लिहून, नोटरी करून, सही केली आहे. वकिलाकडे ने. कुलदीप काय करेल ते करो. उद्या कुणी मला तुझ्यासमोर उभं केलं, तर एवढंच कर, रतन : माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलू नकोस.

म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझाच,
दादा