कौलाची किंमत

वाघजाईवाडी, ता. लांजा
१६ नोव्हेंबर १९८८

प्रिय धोंडू,

‘वाघजाईची तुझ्यावर कृपा असो’ ही ओळ मी आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात सर्वांत आधी लिहीत आलो. या वेळी ती लिहायला हात वळला नाही. का, ते पुढे येईलच. तुझं पत्र आणि सोबतचा गुळगुळीत रंगीत कागद भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचला. कागद सगळा इंग्रजीत, म्हणून शाळेतल्या सहदेव मास्तरांकडून वाचून घेतला. ‘कूपे’ या शब्दाशी ते अडखळले. म्हणाले, कूपे म्हणजे आगगाडीतली दोन माणसांची खोली. मग म्हणाले, भिकू, आपल्या जिल्ह्यात अजून रूळ आले नाहीत आणि ह्या धोंडूच्या दारात कूपे आला बघ. मी हसलो. पण ते पुढे वाचत गेले तसं हसू राहिलं नाही.

मला जे समजलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे चुकलं असेल तर तुला सांगता येईल. ही नवी गाडी दोन दारांची, परदेशी, पहिलीपेक्षा वेगवान. जागच्या जागी उभी असलेली नऊ सेकंदांत ताशी शंभरावर जाते. तिकडची किंमत लाखाच्या आत, पण कस्टम, जहाजाचं भाडं, दलाल सगळं धरून इथे तीन लाख चाळीस हजाराला पडणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. तरी तू लिहितोस की एवढ्या किमतीत एवढी ताकद दुसरी कुठलीच गाडी देत नाही, जानेवारीत किंमत वाढणार, म्हणून आता घेतली तर स्वस्तच. जुन्या गाडीचे नव्वद हजार येतील. तुझ्याजवळचे काही घालशील. बाकीच्यासाठी हायवेला लागून असलेलं तुमचं घर आणि घरठाण पेट्रोल पंपवाल्याला द्यायचं. त्यात तुझी बहीण तुळसा राहते आणि कागदावर अर्धं तिच्या नावावर आहे, म्हणून मी मागल्यासारखा देवीचा कौल लावून द्यावा, कारण तुळसा तुझ्या शब्दाला नाही म्हणेल पण देवीच्या शब्दाबाहेर जायची नाही. हे असंच लिहिलंयस ना?

जुन्या गाडीचं तू दोनच ओळींत आटोपलंस. मला ती बरीच आठवते. शहाऐंशीच्या दिवाळीत तू ती घेऊन आलास तेव्हा आपल्या पाणंदीत ती शिरलीच नाही. कातळाला पोट घासलं म्हणून तू एसटीच्या थांब्याजवळ उभी केलीस आणि सारा गाव तिथे जत्रेसारखा गोळा झाला. केवढ्याला पडली रे, हा एकच प्रश्न सगळ्यांचा. तू सरपंचाला दोन लाख दहा हजार सांगितलेस. पोस्टमनला पावणेदोन. गोदूबाई काकीला, ती म्हातारी घेरी येऊन पडेल म्हणून, चाळीस हजार. काकी तरीही म्हणाली, चाळीस हजारात चार दारं तरी घ्यायची होतीस रे मेल्या, दोघांच्याच पोटापुरतं कशाला आणलंस. सगळे हसले, तूही हसलास. नंतर नारळ फोडताना मी गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, देवीला यातली कुठली किंमत सांगू?

त्यातली खरी किंमत तुळसाला ठाऊक होती. तुमच्या आबांनी बांधलेली आंब्याची सेहेचाळीस कलमं त्या गाडीत गेली. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली ती त्या कलमांच्या भरवशावर. तू तिला समजावलंस की बाग दरसाल म्हातारी होते, पण परदेशी गाडी आता सरकार सहज येऊ देत नाही, तेव्हा तिची किंमत वाढतच जाणार. तुझा अर्धा हिस्सा गाडीतच आहे असं समज, दोन दारं आणि दोन भावंडं, एक दार तुझं. तिनं त्या दिवशी थांब्याजवळ गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, माझं दार कुठलं रे, उघडून तरी दाखव. तू म्हणालास, खुळे, हात लावू नकोस, रंग ओला नाही पण डाग पडतात.

तू आम्हा दोघांना रत्नागिरीला फिरवून आणलंस, तेही मला आठवतं. मी पुढे बसलो, तिला मागे घातलंस. मागच्या जागेत माणूस बसावा असं ती गाडी करणाऱ्याच्या मनात नसावं. तिचे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि मागच्या काचा उघडत नाहीत हे आम्हाला हातखंब्याच्या वळणावर कळलं. मांडवीला तू उतरलास आणि चार माणसं भोवती जमली, तू त्यांना इंजिनाचं झाकण उघडून दाखवू लागलास. पुढची सीट वाकवल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नाही. ती कशी वाकवायची हे मला कळेना. मी इकडे ओढलं, तिकडे दाबलं. आतून तुळसा म्हणाली, राहू दे भिकूदादा, समुद्र इथनं पण दिसतो. पाव तास ती बंद काचेतून समुद्र बघत होती. परतताना तिला ओकारी झाली आणि तू दोन मैल त्या सीटच्या कातड्याची किंमत आम्हाला ऐकवलीस.

मला गाड्यांतलं कळत नाही. सातवीपर्यंत शिकलेला गुरव मी, दिवा लावणं आणि गाऱ्हाणं घालणं एवढं येतं. आवड असलेला माणूस वेगासाठी पैसे मोजतो यात मी पाप मानत नाही. तू लहानपणी टायर घेऊन धावायचास तेव्हा आम्हा कुणाला सापडायचा नाहीस, तो आनंद मी पाहिलेला आहे. पण किंमत ठरवणारा एक आणि ती भरणारा दुसरा, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. दोन लाख दहा हजाराची गाडी दोन वर्षांत नव्वद हजारांवर आली. सुटे भाग मिळत नाहीत, असं तू लिहितोस. ज्या बाईला गाडीचं मोल वाढतच जाणार असं सांगितलं होतंस, ती आज लांज्याला काजूच्या कारखान्यात जाते. टरफलाच्या तेलानं तिच्या हातांची कातडी काळी पडून सोलवटते. ती तुला दूषण देत नाही. गावातल्या बायका बोलू लागल्या तर ती म्हणते, बागेच्या कौलाला देवीनं उजवी देऊन होय म्हटलं, तिथे धोंडू काय करील.

धोंडू, त्या दिवशी डावी पडली होती.

हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून फाडलं. आता तसंच राहू देतो. तू, तुळसा आणि पाच मानकरी गावकार मंडपात बसला होतात. गाभाऱ्यात मी एकटा, समईच्या उजेडात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना तगरीची ओली फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, बाग विकून धोंडूनं गाडी घ्यावी का, होय तर उजवी दे. कधी कधी अर्धा अर्धा तास फूल हलत नाही, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी माझं गाऱ्हाणं संपायच्या आत डाव्या अंगाचं फूल पडलं. वाट पाहत असल्यासारखं पडलं. मी ते उचलून कनवटीला लावलं, उजव्या फुलाला नखानं ढकललं आणि बाहेर ओरडलो, उजवी दिली! तुळसा उठून उभी राहिली. मग डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, मग माझं काय म्हणणं नाय. आठवड्यानं तिनं लांज्याला बागेच्या कागदावर अंगठा उठवला.

तू मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतंस, ते मी मान्य करतो. आदल्या पावसात देवळाचं छप्पर इतकं गळत होतं की ठिबक नेमकी देवीच्या माथ्यावर पडायची, आणि श्रावणभर मी माझी छत्री तिच्यावर धरून पूजा केली. हे तू पाहिलं होतंस. तू एवढंच म्हणालास, काम झालं तर देवळावर मंगलोरी कौलं माझी. आणि शब्द पाळलास. नऊशे कौलं ट्रकमधून आली, मृगाच्या आधी चढली. कौलं चढत असताना भागोजीआजा खाली उभा राहून म्हणाला, गुरवानं कौल दिला नि धोंडूनं कौलं दिली, बराबर झाला सौदा! म्हातारा गमतीनं बोलला. सगळे हसले. मी वरच्या माणसाला कौल देत होतो, ते हातातून सुटलं आणि माझ्या पायाशी फुटलं. मी पोरांसाठी, पोटासाठी खोटं बोललो असतो तर मला इतकं लागलं नसतं. मी देवीचं डोकं कोरडं राहावं म्हणून देवीच्याच तोंडात खोटा शब्द घातला. या दोन पावसाळ्यांत एक थेंब आत आलेला नाही. मी मात्र पूजेला बसलो की वर बघत नाही.

तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित मी असाच मेलो असतो, हेही खरं आहे. पण तू ‘मागल्यासारखा’ असं लिहिलंस. त्या एका शब्दानं मला चार दिवस जेवण गेलं नाही. काल मंगळवार. तुळसा दर मंगळवारी कारखान्यातून आली की देवळाचं अंगण झाडते. या दोन वर्षांत तिनं मंडपात पाऊल टाकलेलं नाही. मी समजत होतो की काळ्या हातांची लाज वाटत असेल. मी तिला तिथेच अंगणात तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मग ते डाव्या फुलाचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर झाडू उगारील. तिनं हातातला झाडू खाली केला. मग म्हणाली, दोन वर्सं मी तिच्याशी बोलत नाय, भिकूदादा. म्हटलं, बाईला बाईनंच लुबाडलं. आणि ती बिचारी माझ्याच बाजूनं व्हती? झाडू टाकून ती आत गेली. मी बाहेरच थांबलो, मला आत जायचा धीर झाला नाही. ती किती वेळ होती आणि काय बोलली ते ती आणि देवी जाणे. बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. पायरी उतरताना मला म्हणाली, आता तुझ्याशी नाय बोलायची. दोन वर्सं तरी. मी होय म्हटलं.

आता या पत्राचं कारण सांगतो. नव्या गाडीबद्दल मी देवीला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुळसानं अंगठा द्यायचा नाही असं ठरवलंय, आणि ज्याचं घर त्याचं ‘नाही’ पुरेसं असतं. येत्या देवदिवाळीला सगळे गावकार देवळात जमतील. तिथे उभा राहून मी झालं ते सांगणार आहे आणि पूजेची पाळी सोडणार आहे. शेजारच्या गावचा गुरव चालवील. आमच्या घराण्यातला मीच शेवटचा असं म्हणतील, म्हणोत. गेलेली बाग परत येत नाही. पण घर आणि घरठाण तू तुळसाच्या एकटीच्या नावावर करून द्यावंस, असं मी सर्वांसमोर तुझं नाव घेऊन मागणार आहे. मी बोलत असताना तू मंडपात असावास. गाडीनं ये, एसटीनं ये, नाहीतर चालत ये. नाही आलास तरी मी गप्प बसणार नाही, आणि चाळीस वर्षांच्या मित्रानं पाठीमागे नाव घेतलं असं तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आधी तुलाच लिहिलं.

अजूनही तुझाच,
भिकू