सुखराम मुन्शी बागेचा महाप्राण

३ मार्च १९८७
समुद्र गावात शिरला तर एक वेळ सोसेन, पण हे नाही! ग्रामसभेनं बागेच्या फाटकाला नवी पाटी लावली आणि सुखराममधला इंग्रजी ‘एच’ खाल्ला. सुकराम मुन्शी बाग! ज्या माणसानं या बुडीत जमिनीला समुद्राचं पाणी अडवणारं दार बसवलं, शाळा काढली, त्याला रंगाऱ्यानं एका फटकाऱ्यात सुकवला. लहानपणी गुरुजी सांगत— ‘ख’ महाप्राण आहे, पोटातून श्वास काढ, नाहीतर मी छडी काढतो. रंगाऱ्याला छडी कोणी दाखवली नसावी.

५ मार्च
सभेत तक्रार नेली. अध्यक्ष म्हणाले, “पंडित, एक अक्षर गेलं तर काय रडायचं? इथं माणसं देश सोडून चाललीत!”

८ मार्च
मुन्शींचा दिवस. त्यांनी घालून दिलेली रीत— घरटी एक माणूस, हातात कोयता, बागेतलं गवत कापायचं. आधी घरांची हजेरी. वीस वर्षं मीच वाचतो. एकेचाळीस घरं.
“रामोतार?”
बागेच्या राखणदार उनाबाई बाकावरून ओरडल्या, “टोरांटो!”
“बिसेसर?”
“न्यूयॉर्क!”
“जगमोहन?”
“तोही तिकडेच. त्याची कोंबडी माझ्याकडे आहे, तिला हाजिर लाव!”
हसलो. मग पुढची नावं हळू वाचली.
हजर तिघं— मी, उनाबाई आणि म्हातारे हरिलाल. हरिलालना मोतीबिंदू, गवत ठेवलं, जास्वंद कापली. दुपारपर्यंत गवत जिंकलं.
परतताना बिसेसरच्या अंगणात पूजेनंतर बांबूवर रोवलेल्या झेंड्या दिसल्या. कापड पांढरं पडलंय. बांबूला मात्र पानं फुटलीत!

९ मार्च
वर्तमानपत्राला बागेवर दीड पान पाठवलं.

१४ मार्च
दोन ओळी छापल्या. त्यातही सुकराम.

१७ मार्च
बायको, दर्शनी, म्हणाली, “त्या एचपायी जेवण थंड करता. पाटी वाचणार कोण?”
म्हटलं, “जाणारे वाचतील.”
“जाताना मागं कोण बघतं हो?”
संध्याकाळी उनाबाईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “पंडित, तू नावं वाचतोस म्हणून मी ओरडते. तू नसलास तर काय, कोंबडीशी बोलू?”

२० मार्च
खिडक्यांसाठी ठेवलेला रंग घेऊन स्वतःच शिडीवर चढलो. एच घुसवला. उनाबाईंनी शिडी धरली होती.
“वाकडा झाला, पंडित.”
“पण आहे ना?”
“आहे. तुझ्यासारखाच आहे. वाकडा, पण जाग्यावर!”

२१ मार्च
राजधानी जॉर्जटाऊनहून वकिलातीचा लिफाफा दोन तारखेलाच आलाय. दर्शनीचा नि माझा, कायमचं जायचा व्हिसा मंजूर. दर्शनीला दाखवला नाही, या वहीलाही नाही.
अडवायला कोणी नाही. आणि मला जायचं आहे. शिडी धरलेल्या बाईला हे कसं सांगू, कळत नाही.