तीन आटे

रविवार, संध्याकाळ

आशूच्या हाताला प्लास्टर लागलं. पोराशी बोलायला तोंड नाही, म्हणून इथे लिहून राहिलो.

माझ्या जुन्या गाडीला त्याने रुंद चाकं आणली. ती आत घासत होती, म्हणून चाक बाहेर सरकवायला मधे स्पेसर टाकला, म्हणजे एक जाड चकती. सकाळी मी वाकून पाहिलं. चकतीनेच बोल्टची लांबी खाल्ली होती आणि नट जेमतेम तीन आट्यांवर बसला होता. तीन! मी म्हटलं, "आशू, आटे कमी पडून राहिले. गाडी काढू नको."

त्याला पीठ ऐकू आलं. मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "पापा, आटा तो कल ही आया है."

माझं डोकं सणकलं. बापाची भाषा येत नाही, तर मी काहून समजावू? पेपर घेऊन आत जाऊन बसलो. गाडी सुरू झालेली ऐकली, तरी उठलो नाही. भेडाघाटच्या रस्त्यावर चाक निखळलं.

दवाखान्यात तो म्हणाला, "आपने बताया क्यों नहीं?"

सांगितलं होतं. सांगितलं होतं का?

बत्तीस वर्षं या हिंदी मुलखातल्या वर्कशॉपात मी हेल्परांवर ओरडलो, "चूड़ी गिनो, चूड़ी!" तिथे आट्यांना चूड़ीच म्हणतात, आटे कोणाला कळणार? तीनच आटे, आणि एक हिंदी शब्द. सकाळी तो जिभेवर आला होता. मीच गिळला.