पिस्टनवरचा बाण

बाबा,

गॅस्केट आणायला नाना पेठेत चालले आहे. बाल्कनीत माझ्या डर्ट बाइकचं इंजिन उघडं आहे, त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका. आणि इंजिनचा सिलिंडर ज्यात धुतला ते पातेलं आईचं नाही, मी जुन्या बाजारातून आणलंय, एवढं तिला सांगा.

काल मी पिस्टन उलटा बसवला होता. त्याच्यावरचा बाण सायलेन्सरकडे हवा, मी मागे केला होता. तसंच जोडलं असतं तर पिस्टनवरची रिंग अडकून तुटली असती. आज सकाळी बघते तर बाण बरोबर सायलेन्सरकडे. आई म्हणाली, मांजराने केलं असेल. आपल्याकडे मांजर नाही, आणि तुमच्या चहाच्या कपाला ऑइलचा ठसा आहे.

मी पडून हात मोडून घेतला तेव्हापासून तुम्ही या गाडीबद्दल चकार शब्द काढलेला नाही. आताही काढू नका. मी ती परत चालवू नये असं वाटत असेल, तर मी यायच्या आत पिस्टन पुन्हा उलटा करून ठेवा. मी समजून जाईन.

तसं नसेल, तर सिलिंडर बसवताना रिंग दाबून धरायला मला माणूस लागणार आहे. जुना बनियन घालून बसा.

आम्रपाली